वीस पूर्णांक सहा

गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबला
की स्टिअरिंग थरथरायचं
आणि मागच्या सीटवरचं वरणाचं पातेलं
झाकणाखालून दोन थेंब बोलायचं.
आठवडाभर मी रेडिओ मोठा लावून पाहिला.
सोमवारी वरण गाडीच्या मॅटवर गेलं,
चाळीस डब्यांना त्या दिवशी नुसता रस्सा.

वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीत
विन्सेंटने चाक उतरवलं.
डिस्क मी पहिल्यांदाच पाहत होते,
सहा वर्षं जिच्या भरवशावर
काशिमिऱ्याला जेवण पोचवलं, ती.
"नख फिरवा," तो म्हणाला.
अडकत अडकत गेलं.

"दोन रस्ते, वैतीताई.
लेथवर घासून घ्या, जोडीचे चारशे.
नाहीतर नवीन, अडतीसशे. पॅड दोन्हीकडे वेगळे."
आणि हात पुसत राहिला,
जास्त पैशांची गोष्ट सांगणारा माणूस
पुसतो तसा.

चौतीसशेचा फरक. मी मनात पोळ्या मोजल्या:
सहा रुपयाला एक, पाचशे सहासष्ट,
वर आणखी अर्धी-पाऊण.
आई पाट्याला टाकी लावून घ्यायची,
टाकीवाली दारात बसून टकटक करायची
आणि पाटा परत खरखरीत.
इतक्या स्वस्तात दगड नवा व्हायचा
की त्याची जाडी कुणी मोजलीच नाही.
"घासूनच घेऊ," मी म्हटलं.

पांचाळांचं लेथ दोन गाळे सोडून.
त्यांनी डिस्क दोरीला टांगली, पान्याने मारली.
टण्ण.
किती वेळ वाजत राहिली!
शेजारचा पावडर कोटिंगवालाही वळून बघायला लागला.
"खणखणीत आहे. तडा नाही कुठे."
मला वाटलं, मिटलं.

मग त्यांनी आतल्या खिशातून
मायक्रोमीटर काढला, चष्मा काढावा तसा.
आठ ठिकाणी मोजलं. सगळ्यात कमी
वीस पूर्णांक सहा.
कडेचा गंज अंगठ्याने खरवडला,
खाली ओतीव अक्षरांत कारखान्याचं म्हणणं:
कमीत कमी वीस.
"चर जायला दोन्हीकडून चार-चार दशांश जाणार.
उरलं किती?"
चौथीतल्या मुलीसारखी मी म्हणाले,
एकोणीस आठ.
"मग मी लेथ कशाला लावू?"

लेथवर दुसरं काम नव्हतं.
चहाचे दोन रिकामे ग्लास तेवढे,
आणि कालच्या बुरशा.
चारशे रुपये परत पर्समध्ये ठेवा म्हणणारा माणूस.

तरी मी घासाघीस केलीच.
"दोन दशांशाने काय होतंय?"
"तुमचा तवा किती वर्षांचा?" त्यांनी विचारलं.

माझा जुना तवा.
मधोमध झिजून पापुद्रा झालेला.
गॅस लावला की लगेच लालबुंद,
उंच-सखल व्हायचा,
एका जागी पोळी कच्ची, बोटभर अंतरावर करपलेली.
पातळ लोखंडाला उष्णता धरून ठेवता येत नाही,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
एका सकाळी भंगारवाल्याला देऊन टाकला,
वजनही न करता.

पांचाळांकडे बघून मी नुसती मान हलवली.

नवीन बसवल्या. विन्सेंट म्हणाला,
"पहिले तीनशे किलोमीटर हळू दाबा,
पॅडची न् डिस्कची ओळख होऊ द्या."
जुनीतली एक पांचाळांनी मागून घेतली,
गाळ्याच्या दारात टांगलीय,
जेवायच्या सुट्टीला पोरगा ती वाजवतो.
दुसरी माझ्या ओट्यावर:
गरम पातेलं ठेवायला इतकी बेताची वस्तू
बाजारात मिळाली नसती.

आज गायमुखला पुढे गॅसचा टँकर होता.
दोन गाड्यांचं अंतर ठेवलं,
पाय हलकाच टेकवला.
कोरा, किंचित जळका वास आला,
नव्या तव्याला पहिल्यांदा येतो तो.
वरण गप्प.

विन्सेंटचे हजार रुपये अजून राहिलेत.